डोळे उघडे ठेवून आयर्विन पूल : उंचीच्या भीतीवर व्हीआर उपचाराचं एक प्रकरण

सांगलीवाडीत घर आणि सांगलीत शाळा असलेल्या माणसाला पूल चुकवता येत नाही. या प्रकरणातल्या ४८ वर्षांच्या शिक्षिका (पुढे ‘बाई’) शाळा चालू असताना दिवसातून दोनदा कृष्णा ओलांडत होत्या. २०१९ च्या पुरानंतर अशा हजारावर फेऱ्या झाल्या असतील. तरी पुलाची भीती कमी झाली नाही, उलट दरवर्षी थोडी थोडी वाढली. भीतीला सामोरं गेलं की भीती जाते असं सगळेच सांगतात. मग हजार फेऱ्यांनी ती का गेली नाही? या प्रकरणातला खरा प्रश्न हाच आहे. व्हीआरची, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी दृश्य दाखवण्याची, पाळी त्याच्यानंतर येते.

आधीच सांगायला हवं की हे कुणा एका व्यक्तीचं प्रकरण नाही. उंचीच्या भीतीच्या उपचारात जे वारंवार समोर येतं ते एकत्र करून ते रचलं आहे. बाईंचे आकडे उपचाराचा ओघ कळावा म्हणून दिले आहेत. पूल, उपकरणाची वागणूक आणि संशोधनाचे दाखले मात्र खरे आहेत.

तक्रार काय होती

सांगली आणि सांगलीवाडी जोडणारा हा आयर्विन पूल १९२९ चा. पुराच्या दिवसांत सांगलीकरांचे डोळे तिथल्या पाणीपातळीवर असतात: ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. बाईंचं कुटुंब तेव्हा सांगलीतच, विश्रामबागेत नातेवाइकांकडे होतं. पाणी ओसरायला लागल्यावर त्या पुलावर आल्या. दोन रात्री झोप नव्हती आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं. कठड्याला टेकून खाली वाहणाऱ्या गढूळ पाण्याकडे बघताना त्यांना एकाएकी पूलच उलट्या दिशेने सरकतोय असं वाटलं. पाय गेले आणि त्या तिथेच खाली बसल्या.

यात आजार काहीच नव्हता. मिरज स्टेशनवर शेजारची गाडी सुटली की आपलीच सुटली असं वाटतं, तोच हा भास. नजरेचा मोठा भाग एका दिशेने सरकणाऱ्या गोष्टीने भरला की मेंदू हलण्याचं खातं आपल्या नावावर टाकतो. त्यात उंचीची भर पडते. तोल सांभाळायला डोळ्यांना जवळच्या स्थिर वस्तूंचा आधार लागतो. उंचावर जवळची वस्तूच नसली की शरीर किंचित जास्त झुलतं. हे झुलणं सगळ्यांचंच होतं, पण बाईंनी त्याचा अर्थ ‘मी पडणार’ असा लावला आणि तो अर्थ मनात पक्का बसला.

पुढे काय झालं ते ओळखीचंच आहे. पूल ओलांडायचा तर गाडीवर पतीच्या मागे बसून, त्यांचा शर्ट घट्ट धरून, डोळे मिटून आणि मनात रामरक्षा म्हणत. शाळेत वर्ग तळमजल्यावर मागून घेतला. दुसऱ्या मजल्यावरच्या स्टाफरूममध्ये खिडकीपासून लांबची खुर्ची ठरलेली. मुलगी पुण्यात नवव्या मजल्यावर राहायला गेली, तिच्याकडे बाई एकदाच गेल्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत आल्या. आता मुलीचं बाळंतपण पुण्यातच होणार होतं, म्हणून त्यांनी उपचाराचा विचार केला.

उपचाराआधी काय तपासलं

‘उंचावर चक्कर येते’ ही तक्रार आली की पहिला संशय कानावर घ्यावा, तोलाचं इंद्रिय तिथेच असतं. अंथरुणात कूस बदलताना खोली फिरते का, मान वर करून फळीवरचा डबा काढताना गरगरतं का, हे विचारलं. तसं असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवून स्थितीबदलाची तपासणी करून घ्यावी, कारण कानातल्या दोषावर हेडसेट चढवला तर मळमळीशिवाय हाती काही लागत नाही. बाईंना चक्कर फक्त उंचावर येत होती. फेफरं नव्हतं, अर्धशिशी नव्हती. पुराची भयस्वप्नं पडत नव्हती, तो प्रसंग डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा उभा राहत नव्हता. ही विचारपूस सांगलीत वगळून चालणार नाही, कारण पुराचा आघात असेल तर उपचाराची दिशा वेगळी असते. भीती सहा महिन्यांहून जुनी, ठरावीक गोष्टीची आणि रोजचं जगणं अडवणारी होती. म्हणून निदान झालं विशिष्ट फोबिया, उंचीचा.

एक प्रश्न थेट विचारावा लागतो: “कठड्याजवळ गेलं की आपण उडी मारू असं वाटतं का?” बाई गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “हो. म्हणूनच तर जात नाही.” उंचीला भिणारी बरीच माणसं ही गोष्ट घरातही बोलत नाहीत. आत्महत्येचा विचार यापेक्षा वेगळा असतो, पण वेगळा आहे हे गृहीत धरू नये. जगण्याचा कंटाळा, मरणाची इच्छा, पूर्वीचा प्रयत्न, सगळं नीट विचारून मगच पुढे जावं. इथे तसं काही नव्हतं. नुसता विचार मनात येणं आणि ती इच्छा असणं यातला फरक कळला तेव्हाच बाईंच्या खांद्यावरचं निम्मं ओझं उतरलं.

पर्समध्ये अल्प्राझोलामच्या ०.२५ मिलिग्रॅमच्या गोळ्यांची पट्टी होती. लांबच्या प्रवासाआधी त्या एखादी घेत. रोज घेत असत्या तर मनोविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय हात लावायचा नव्हता, अचानक बंद करणं धोक्याचं असतं. इथे गोळी कधीमधीच असल्यामुळे, डॉक्टरांच्या संमतीने, बैठकीच्या आणि सरावाच्या दिवशी ती घ्यायची नाही असं ठरलं. गोळी घेऊन पूल पार केला की श्रेय गोळीला जातं आणि शिकायचं ते राहून जातं.

उंचीच्या भीतीच्या प्रश्नावलीत वीस प्रसंग असतात आणि प्रत्येकाला ० ते ६ गुण. बाईंना १२० पैकी ७८ गुण पडले.

पूल दहा मिनिटांवर असताना व्हीआर कशाला

ही शंका रास्त आहे. प्रत्यक्ष पुलावर नेऊन उपचार करता येतात, आणि नेदरलँड्समध्ये २००२ साली झालेल्या तुलनेत उंचीच्या भीतीसाठी दोन्ही रीती सारख्याच उपयोगी ठरल्या होत्या. फरक आहे तो दारातून आत येण्याचा. स्पेनमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये विशिष्ट फोबिया असलेल्या १५० लोकांपुढे दोन्ही पर्याय ठेवले. प्रत्यक्ष सामना सांगितल्यावर २७ टक्क्यांनी नकार दिला, व्हीआर म्हटल्यावर ३ टक्क्यांनी. बाईंचाही प्रत्यक्ष सामन्याला नकारच होता. शिवाय खऱ्या पुलावर तेच दहा मीटर सहा वेळा चालता येत नाहीत, मागून गाडी येते. कठड्याची उंची कमी-जास्त करता येत नाही. ओळखीचे पालक थांबून “बाई, इथं काय करताय?” विचारतात, ते वेगळंच.

हे तंत्र आता नवं राहिलेलं नाही. उंचीच्या भीतीवरचा पहिला नियंत्रित प्रयोग अमेरिकेत १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑक्सफर्डच्या गटाने २०१८ मध्ये १०० लोकांवर असा कार्यक्रम तपासला ज्यात थेरपिस्टच आभासी होता, आणि तरीही भीती मोठ्या प्रमाणात उतरली. त्यावरून हेडसेट विकत घेऊन घरीच उपचार करावा असा अर्थ काढू नये. तो कार्यक्रम उपचार म्हणून बांधलेला होता. बाजारात मिळणारे ‘फळीवरून चाला’ छापाचे खेळ घाबरवण्यासाठी बांधलेले असतात.

खोली आणि उपकरण

अडीच बाय अडीच मीटर मोकळी जागा, हात नसलेली एक खुर्ची, लॅपटॉप, आणि साधारण दीड इंच जाडीची, दोन फूट रुंद लाकडी फळी. चित्रातल्या कडेशी फळीची कड जुळवली की पायाच्या बोटांना खरी धार लागते. या एवढ्याशा गोष्टीने दृश्य किती खरं वाटतं ते अनुभवल्याशिवाय पटत नाही. लॅपटॉपवर बाईंना दिसणारं दृश्य थेरपिस्टला दिसतं. ते दवाखान्याच्या सामायिक वायफायवर ठेवू नये, ऐन वेळी तुटतं. वेगळा राउटर किंवा केबल बरी. एप्रिल-मेच्या उकाड्यात चेहऱ्याचा स्पंज घामाने भिजतो आणि भिंगांवर वाफ धरते. पुसता येणारं सिलिकॉनचं आवरण घालावं, भिंगं कोरड्या मऊ कापडानेच पुसावीत आणि हेडसेट खिडकीत कधीच ठेवू नये. उन्हाचा कवडसा भिंगातून आत गेला की पडदा जळतो.

पहिली चाचणी फसली. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीचं दृश्य लावलं, खाली बघायला सांगितलं, ताणाचा आकडा विचारला (० म्हणजे शांत, १०० म्हणजे सहन न होणारं). बाई म्हणाल्या, “दहा. काहीच वाटत नाही, सगळं धुरकट आहे.” इथे घाईघाईने ‘यांना व्हीआर लागू पडत नाही’ असं लिहून टाकण्याचा मोह होतो. कारण होतं त्यांचा प्रोग्रेसिव्ह चष्मा. हेडसेटमधलं चित्र साधारण दीड-दोन मीटरवर असल्यासारखं डोळ्यांपुढे येतं. प्रोग्रेसिव्ह काचेचा खालचा भाग वाचनाचा, हातभर अंतराचा. म्हणजे त्या खाली बघत तेव्हा, नेमक्या घाबरायच्या दिशेने, चित्र पुसट होत होतं. शिवाय अंबाड्यामुळे मागचा पट्टा वर सरकून हेडसेट नाकावर घसरत होता. पुढच्या वेळी दूरच्या नंबरचा जुना साधा चष्मा आणि मानेवर सैल वेणी. बुबुळांमधलं अंतर पट्टीने मोजून ६१ मिलिमीटरवर भिंगं लावली. तीच गॅलरी, तेच वाक्य, आकडा ५५.

भाकिताचा कागद

बैठका आठवड्याला एक, साधारण ७० मिनिटांच्या. त्यात हेडसेट एका वेळी आठ-दहा मिनिटं, तीन खेपांत. उरलेला वेळ कागदावर. प्रत्येक खेपेआधी बाई लिहीत: काय होईल, किती खात्री. खेप झाल्यावर: काय झालं. चौथ्या बैठकीतला एक कागद असा होता:

“पुलाच्या मध्यावर कठड्यापाशी ३ मिनिटं उभी राहिले तर गुडघे वाकतील आणि मी खाली बसेन. खात्री ९० टक्के.”
“गुडघे थरथरले. वाकले नाहीत. ३ ऐवजी ५ मिनिटं थांबले. आकडा ८५ होता, शेवटी ७५.”

आकडा फारसा उतरला नाही, म्हणून खेप वाया गेली असं बाईंना वाटलं. जुन्या पद्धतीत आकडा निम्मा होईपर्यंत थांबवून ठेवत. आता भर वेगळ्या गोष्टीवर आहे: भाकीत खोटं ठरलं का? भीती ७५ असतानाही गुडघे वाकत नाहीत, हे शिकणं भीती ३० वर आल्यावर शिकण्यापेक्षा जास्त मोलाचं आहे. ‘भीती वाटणं’ आणि ‘पडणं’ यांची गाठ त्यातूनच सुटते.

हजार फेऱ्यांचं उत्तरही या कागदातच आहे. डोळे मिटून, शर्ट धरून पूल पार झाला की मन हिशेब मांडतं: शर्ट धरला म्हणून वाचले. ‘मी पडेन’ हे भाकीत एकदाही तपासलं गेलं नव्हतं. रोज परीक्षेला बसायचं पण पेपर कोराच द्यायचा, असं ते चाललं होतं.

हे आधार हेडसेटमध्येही सोबत येतात आणि तिथे ते ओळखणं जास्त अवघड असतं. पाचव्या बैठकीत पुलाच्या दृश्यात आकडा अचानक ३५ वर आला. लॅपटॉपवर नजर खिळवून बसलेल्या थेरपिस्टला प्रगती दिसली. प्रत्यक्षात बाईंचा डावा हात मागे खुर्चीच्या पाठीवर होता आणि डोळे मिटलेले होते. लॅपटॉपवर दृश्य दिसतं, डोळे उघडे आहेत की नाही ते दिसत नाही. त्यानंतर दर मिनिटाला खालचं काहीतरी विचारायचं ठरलं: होड्या किती, पाण्यात सावली कुठल्या बाजूला. खुर्ची हाताच्या अंतराबाहेर नेली. थेरपिस्टने अर्धा वेळ पडद्याकडे, अर्धा वेळ हातापायांकडे बघावं, आणि जमलं तर हातापायांकडेच अर्ध्याहून जास्त.

रामरक्षेचा विषय जपून हाताळायला हवा. ती सोडा असं कुणी सांगू नये. बाईंनाच विचारलं, “घरी देवापाशी म्हणता तेव्हा आणि पुलावर म्हणता तेव्हा, मनात फरक काय असतो?” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “पुलावर थांबले तर पडेन असं वाटतं.” मग त्यांनीच ठरवलं की संध्याकाळची रामरक्षा तशीच राहील, खेपेच्या आठ-दहा मिनिटांत मात्र नाही.

आयर्विन पुलाचं चित्रण

तयार दृश्यांमधले पूल परदेशी, दोरखंडांवर लटकलेले. बाईंना ते सिनेमासारखे वाटू लागले, म्हणून सकाळी साडेसहाला आयर्विन पुलावर ३६० अंशांच्या कॅमेऱ्याने चित्रण केलं. त्यात दोन चुका झाल्या, दोन्ही टाळता येण्यासारख्या.

पहिली म्हणजे कॅमेरा १७० सेंटीमीटरवर लावला होता. बाईंची उंची १५२, म्हणजे डोळे १४० च्या आसपास. त्यांना आपण जमिनीवरून फूटभर वर तरंगतोय असं वाटलं आणि कठडा खऱ्यापेक्षा बुटका दिसला. दुसऱ्यांदा कॅमेरा १४० वर लावला. दुसरी चूक चालत घेतलेल्या चित्रणाची. शरीर स्थिर आणि चित्र पुढे सरकतं, यात दोन मिनिटांत मळमळ सुरू होते. कॅमेरा तिकाटण्यावर एका जागी ठेवून प्रत्येक ठिकाणी सात मिनिटं घ्यावीत, दहा-पंधरा मीटर पुढे जावं, पुन्हा सात मिनिटं. असं चित्रण बसून किंवा एका जागी उभं राहूनच बघायचं. त्यात पुढे पाऊल टाकलं तर सगळं दृश्य आपल्यासोबत सरकतं. चालायचं असेल तर संगणकावर बांधलेलंच दृश्य लागतं, आणि तेही स्वतःच्या पायांनी, हातातल्या कळीने नाही.

मळमळ आणि भीती यांत गल्लत होऊ देऊ नये. हेडसेट काढला की भीती मिनिटा-दोन मिनिटांत ओसरते. मळमळ टिकते, थंड घाम येतो, ढेकर येतात. मळमळ असेल तर ‘थोडं सोसा’ म्हणू नये, खेप तिथेच थांबवावी. बैठकीनंतर निदान अर्धा तास दुचाकी चालवू देऊ नये.

खऱ्या पुलावर

सहाव्या बैठकीनंतरच्या रविवारी सकाळी सात वाजता प्रत्यक्ष पूल. हा टप्पा गाळला तर उपचार अर्धा राहतो, कारण हेडसेटमध्ये शिकलेलं मन ‘तो खोटा पूल होता’ म्हणून बाजूला ठेवू शकतं. थेरपिस्ट आधी सोबत, मग वीस पावलं मागे, मग सांगलीच्या टोकाला उभा. पती घरी. पहिल्या फेरीत बाई रस्त्याच्या बाजूने, कठड्यापासून लांब चालल्या. दुसऱ्या फेरीत कठड्यालगत. तिसऱ्या फेरीत मध्यावर थांबून वाहत्या पाण्याकडे बघायचं, पूल सरकल्याचा भास मुद्दाम येऊ द्यायचा. भास आला. त्या म्हणाल्या, “सरकतोय,” आणि उभ्याच राहिल्या. आकडा ७०, भाकीत ‘बसावं लागेल, ६० टक्के’. बसावं लागलं नाही. एवढ्यात पुलावरून एक गाडी गेली, पायाखाली थरथर आली. हेडसेटमध्ये कधीच न आलेली ही गोष्ट. चौथी फेरी तेवढ्यासाठी जास्तीची केली.

पुढच्या दोन आठवड्यांचं घरचं काम साधं होतं: गाडीवर डोळे उघडे आणि हात स्वतःच्या मांडीवर. पतीलाही तासभर बोलावून समजावलं. “घट्ट धर गं” हे त्यांचं रोजचं प्रेमाचं वाक्य थांबवणं त्यांना बाईंपेक्षा जड गेलं.

आठ आठवड्यांनी प्रश्नावलीचे गुण ७८ वरून ३४. पावसाळ्यात भीती पुन्हा डोकं वर काढेल हे आधीच सांगून ठेवलं होतं. गढूळ पाणी, गर्दी, पातळीचे आकडे, सगळा २०१९ चा देखावा. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवं शिकणं बसतं, आणि जुना देखावा समोर आला की खालचं वर येतं. पाणी चढायला लागलं त्या आठवड्यात बाईंचा आकडा ६५ वर गेला. त्यांनी त्याच संध्याकाळी कागद काढला आणि पुलावर जाऊन आल्या.

शेवटचा कागद पुण्याहून फोनवर फोटो काढून आला.

“नववा मजला, गॅलरी. बाळाची दुपटी वाळत घालायची, १० मिनिटं. हात सुटेल आणि तोल जाईल. खात्री ४० टक्के.”
“तोल गेला नाही. एक चिमटा खाली पडला. कुठे पडला ते वाकून पाहिलं.”